भोंगा वाजला की आई येते

प्रिय बाळा,

सोमवारी पहाटे मी तुझ्या मुंगीला सूतगिरणीत घेऊन गेलो आणि भोंग्याचं बटण तिला दाबू दिलं. सुपरवायझरांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. स्टुलावर उभं राहून तिने दोन्ही अंगठ्यांनी बटण दाबलं, अगदी जीव खाऊन. मग खाली उतरली ती थेट फाटकाशी. रात्रपाळीच्या बायका केसांतला कापूस झटकत बाहेर पडत होत्या. ही मान वर करून एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटची बाई गेली, रखवालदाराने फाटक ओढून घेतलं, तरी जागची हलेना.

हे खूळ कुठून आलं, तुला ठाऊक नसेल. तुझं काम लांबचं. सूनबाई रात्रपाळी करायची. पहाटे मी भोंगा वाजवायचो, त्या आवाजाने मुंगी जागी व्हायची, आणि आजी दूध तापवेपर्यंत दारात आई हजर. चार वर्षांच्या जिवाने त्यावरून ठरवून टाकलं की भोंगा आईला आणतो. तिचं सगळं शास्त्रच असं. झाडं हलतात म्हणून वारा सुटतो म्हणते. पण पोर खुळी नाही. मागे उंबऱ्याला ठेचकाळली, तर तुझ्या आईने सवयीने उंबऱ्यालाच फटका दिला. ही रडता रडता म्हणाली, त्याला कशाला मारतेस, तो कुठे चालत आला होता.

सूनबाई गेली आणि भोंगा वाजतच राहिला. मुंगी उठून दाराशी पळायची आणि दारात कोणी नसायचं. आधी ती माझ्यावर रुसली. आबा, तुला नीट वाजवता येत नाही, तू थोडाच वेळ वाजवतोस. मी हसण्यावारी नेलं. पण एका पहाटे माझंही बोट बटणावर जरा जास्तच रेंगाळलं, खोटं कशाला बोलू. मीसुद्धा रोज देवापुढे हात जोडतो, काही मागतो आणि वाट बघत बसतो. तिला कोणत्या तोंडाने हसू?

तू येऊन परत निघालास तेव्हा बजावलंस, बाबा, तिला एवढ्यात काही सांगू नका, दवाखान्यात आहे म्हणा, मी आलो की बघू. आम्ही तेच धरून चाललो. सोमवारी तिला गिरणीत नेलं तेही त्याचपायी. वाटलं, नाद आपसूक सुटेल, आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. नाद सुटला.

मग ती आपणहून फणी घेऊन आजीपुढे बसू लागली. एरवी वेणी म्हटलं की घरभर पळापळ. आता गुंता ओढला तरी हूं नाही की चूं नाही. तुझी आई कौतुकाने सांगत सुटली, पोर किती शहाणी झाली. काल शेजारच्या शिंपीणबाईंनीही तसंच म्हटलं, तेव्हा मुंगी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली, मी आता हलत नाही, आईला सांगाल? दवाखान्यात नेलं त्या संध्याकाळी सूनबाईने तिला वेणीसाठी हाक मारली होती आणि ही पळून गेली होती. तिच्या लक्षात तेवढंच राहिलं. भोंग्याने काही होत नाही हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघून घेतलं. मग उरलं कोण? मुलांना कारणावाचून राहवत नाही रे. आपण दिलं नाही तर ती स्वतःच्या अंगावर ओढून घेतात.

हे फोनवर बोलता आलं नसतं, तुझा आवाज ऐकायला ती कानाशी येऊन बसते. म्हणून लिहितो. तुझा शब्द मी मोडला. आज सकाळी तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, आई मेली. फार ताप आला, औषध पुरं पडलं नाही, श्वास थांबला. वेणीमुळे नाही, तुझ्यामुळे नाही. ती आता कशानेच येणार नाही. देवाघरी गेली म्हणायला जीभ वळत होती, पण मग तिने तिथली वाट विचारली असती. बराच वेळ तिने माझ्या सदऱ्याची कड चुरगळली आणि विचारलं, बाबाला माहीत आहे? मी हो म्हणालो. रविवारी तुझा फोन आला की ती तुला विचारेल. दवाखान्याचं नाव काढू नकोस. तिला खरं सांगून झालं आहे.

तुझाच,
बाबा