तिसऱ्या बेसवरचा ग्लोव्ह

परभणी
मंगळवार, १४ नोव्हेंबर १९७८

प्रिय सरजा,

रविवार, १२ नोव्हेंबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. पहिला डाव बदलला. तुझ्या संघातल्या आठ मुलींनी आपापले ग्लोव्ह मैदानात जागेवर टाकले आणि नववी, तिसऱ्या बेसवरची तानू, आपला ग्लोव्ह काखेत मारून खाली मान घालून बाहेर आली. पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकांनी, किशनरावांनी, पिशवीतून एक वेगळा ग्लोव्ह काढून त्यांच्या मुलीच्या हातात दिला. म्हणजे हे आधीच ठरलेलं होतं. मी कुंपणाशी खुर्ची टाकून बसले होते. निवृत्त बाईचे डोळेही निवृत्त झाले असतील असं तुला वाटलं असेल, तर तसं झालेलं नाही.

तुझ्या घरी येऊन बोलता आलं असतं. पण मी ओरडले असते, तू रडली असतीस आणि शेवटी आपण चहा पिऊन मोकळ्या झालो असतो. म्हणून लिहिते आहे.

हा खेळ मी परभणीत आणला तेव्हा तू शाळेत होतीस. माझे वडील पूर्णेला रेल्वेत होते, त्यांनी मला सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात ठेवलं. तिथल्या सिस्टर आम्हाला झगे सावरत चेंडूफळी शिकवायच्या आणि खोटं खेळणारीला जेवणाआधी पटांगणाला फेऱ्या मारायला लावायच्या. पुढे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी शिबिराला जाऊन सॉफ्टबॉल शिकून आले. नावात मऊपणा आहे म्हणून प्राचार्यांनी मुलींसाठी लगेच परवानगी दिली. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या कचेरीची काच गेली, तेव्हा म्हणाले, "सुमनबाई, याच्यापेक्षा लेझीम काय वाईट होतं?" सोळा वर्षं मी त्यांचं आणि त्यांच्यानंतरच्यांचं हे ऐकत आले, आणि संघ उभा करत आले.

ग्लोव्ह विकत आणायला कॉलेज तयार नव्हतं. बसस्टँडजवळच्या मोच्याकडून नमुन्यावरून नऊ शिवून घेतले. समोरच्या संघाकडे तर तेवढेही नसायचे. म्हणून आपल्याकडे रीत पडली की डाव बदलला की ग्लोव्ह जागेवर ठेवायचा आणि समोरच्या मुलीनं तोच उचलायचा. घामानं ओला असला तरी.

तुझं पहिलं वर्ष आठवतं ना? वालूरच्या बौद्धवाड्यातून आलेली तू, कॉलेजची एकच साडी, आणि हात असा की शॉर्टस्टॉपच्या जागेवरून फेकलेला चेंडू पहिल्या बेसवरच्या मुलीला नकोसा व्हायचा. समोरच्या संघातली ती नर्मदा, मोठ्या बागायतदाराची मुलगी, तुझ्या ग्लोव्हपाशी येऊन थांबली. "आमी न्हाई यात हात घालणार. आई घरात घ्यायची न्हाई." पंच होते दिनकरराव. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, एवढा एक ग्लोव्ह उचलून घ्या, सामना तरी होऊ द्या." तू स्वतः धावत आलीस. "बाई, मी आणते ना माझा उचलून, काय होतंय!" मी म्हटलं, "तुझा कुठला? तो शॉर्टस्टॉपचा आहे. तिथंच राहील." तिथंच राहिला. सामना त्यांना बहाल झाला. परतीच्या एसटीत तू माझ्याशेजारची जागा सोडून पार मागच्या बाकावर जाऊन बसलीस. पुढच्या वर्षी नर्मदा पुन्हा आली. तोंड वाकडं केलं, पण हात घातला.

रविवारी सामना संपल्यावर मी तुला विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस? "बाई, तुमचं बरं असतं. तुम्हाला हरता येतं." ते लागलं मला. लागलं, कारण खरं आहे. तेव्हा सामना हरले तरी माझं घर, माझी नोकरी, माझं नाव सगळं जागेवर होतं. या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव घरं पेटली. वालूरला तुझ्या भावाचं छप्पर गेलं, आणि तू त्याच्या लेकरांना घेऊन माझ्या ओसरीवर बसली होतीस. मी काही विसरलेली नाही. किशनराव काय म्हणाले असतील तेही मला माहीत आहे. "मॅडम, दिवस कसे आहेत बघा. उगी मैदानावर बोभाटा नको." माणूस गोड बोलतो. गोड बोलणाऱ्यांनीच या जिल्ह्यात निम्मी कामं उरकली आहेत. तू घाबरलीस, यात मला नवल वाटत नाही.

पण भीती तुझी होती आणि ग्लोव्ह उचलायला लावलास तानूला. ते मी कसं सोडू? किशनराव म्हणाले असते तर तिनं ऐकलं नसतं. ती बोरीच्या बौद्धवाड्यातली आहे, वडील सिताराम गुरुजी शाळेत शिकवतात, घरातून ती ताठ मानेनं आलेली आहे. काल सकाळी माझ्याकडे आली, हॉस्टेलवरून ट्रंक घेऊनच. मी म्हटलं, भांडायचं ना मैदानातच! तर म्हणाली, "कुणाशी भांडू, बाई? मॅडमनीच कानात सांगितलं. आपल्याच मॅडमनी." मग म्हणाली, "मी आता येत न्हाई. खेळायला बी न्हाई आन् कॉलेजला बी न्हाई." तेव्हापासून ती माझ्या आतल्या खोलीत आहे. जेवते, भांडी घासते, पुस्तक उघडत नाही. मी पोरींना रागवून उठवलेलं आहे, लाडानं उठवलेलं आहे. ही उठत नाही. माझ्या हातात काही राहिलेलं नाही, आणि हे लिहिताना मला फार चीड येते आहे.

शनिवारी सकाळच्या जिंतूर गाडीनं गुरुजी तिला न्यायला येणार आहेत. एकदा ती बोरीला गेली की पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न होईल. मग या सामन्यांवरून विद्यापीठाच्या संघात कुणाची निवड झाली, याच्याशी तिला काही देणंघेणं राहणार नाही. म्हणून हे पत्र. माझी क्षमा मागू नकोस, मला त्याचा उपयोग नाही. उत्तर तानूला लिही. तू जे सांगितलंस ते चूक होतं, पुढच्या सामन्यात सगळ्यांचे ग्लोव्ह जागेवर राहतील, आणि तसं झालं नाही तर तू संघ मैदानाबाहेर काढशील, एवढं तुझ्या अक्षरात आणि तुझ्या सहीनं. तोंडी निरोप चालणार नाही. गुरुजी विचारतील तेव्हा तिच्या हातात दाखवायला काहीतरी हवं. शुक्रवार, १७ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या दारी पोचव. पाचनंतर ती ट्रंक बांधायला घेईल आणि मी तिला अडवणार नाही.

तुझीच,
सुमनबाई