बुरूलचं हमामात जाणं

ती. तुरसुनताईस,

धाकट्या बुरूलचा नारीनहून सलाम. तू, भावोजी, मुलं, मेंढ्या सगळी धडधाकट ना? (तुझ्या गुडघ्यांची चौकशी वेगळी करते, ते कुणाचंच ऐकत नाहीत.)

माझ्या छातीच्या ऑपरेशनला दीड वर्ष झालं. जोलदोशने मेंढी कापून गाव जेवू घातलं, तेव्हाच लोकांच्या लेखी कॅन्सर संपला. माझ्या मनाला मात्र तसं कुणी कळवलं नाही. कंबर धरली की कॅन्सर, शिंक आली की कॅन्सर. परवा अंगठा ठणकला, तर मी जोलदोशला दुसरं लग्न कुणाशी कर तेही सांगून टाकलं. (ठेच लागली होती. नाव मात्र त्याने लक्षात ठेवलंय.)

त्यात माझी उजवी बाजू सपाट. विकतची खोटी छाती टोचायची, म्हणून मीच कापडात वरी भरून एक शिवली. मंगळवारी धुऊन दोरीवर घातली, ती वाऱ्याने पडली आणि कोंबड्यांनी फस्त केली. मी रडायला म्हणून खाली बसले आणि हसतच सुटले, इतकी की नवरा घाबरून बाहेर आला. त्याच तिरीमिरीत टॉवेल उचलला आणि तशीच गावच्या हमामात गेले. ऑपरेशनपासून मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं.

आत पंधरा बायका. मी कपडे उतरवले आणि पंधरा जोडी डोळे माझ्या उजव्या बाजूवर. पळावं तर वाफेत दार दिसेना. तेवढ्यात शेजारची अनिपा आजी (वय ऐंशी, दात दोन) घंगाळ सरकवत म्हणाली, "बुरूल, बरी आलीस. तुझ्यासारखी पाठ कुणी घासत नाही बघ." मी घासली. मग दुसरीने पाठ पुढे केली, मग तिसरीने. निघताना दुकानवाली गुलजान जवळ आली आणि तिने हळूच विचारलं, गाठ दुखत नसली तरी दाखवावी का? पूर्वीची बुरूल 'काही नसतं गं' म्हणून सुटली असती. मी तिचा हात धरला आणि ओल्या केसांनीच तिला दवाखान्यात नेलं. गाठ साधी निघाली. आम्ही दोघी पायरीवर बसून रडलो, मग समोसे खाल्ले.

तुझी,
बुरूल

ता. क. गुरुवारी बिश्केकला माझी तपासणी आहे. आठ दिवस मी पिशवी भरते आणि पुन्हा उपसते. तू ये. बाहेरच्या बाकावर नुसती बस.

आणखी एक ता. क. नुसतं बसायचं नाहीये. तुझंही नाव नोंदवलंय, साडेदहाला, माझ्या आधी. रागवायचं असेल तर तिथे येऊन रागव.