मामाच्या गाडीतून नवरी निघाली

त्रोयान, रविवार

ती. ल्यूबेनदादास,

धाकट्या स्तोयनाचा नमस्कार. तुझी कंबर काय म्हणते? वहिनीचा रक्तदाब? प्लोवदिवला उकाडा मरणाचा असेल. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. त्यात तुझा काडीचाही हात नाही.

इलियानाच्या लग्नाला तू आला नाहीस, त्याऐवजी गाडी पाठवलीस. भाचीला मामाची भेट! भेट म्हणून दिलेली गाडी चालते, असा माझा भाबडा समज होता. ही तुझी म्हातारी सकाळी सुरू व्हायला आधी धाप लागल्यासारखी करते, मग रुसते. (बॅटरी नवी आहे म्हणालास. कुणाच्या मानाने?) सायलेन्सरला भोक असल्यामुळे मी दुधाला निघाले की अख्ख्या गल्लीला कळतं. आणि अंगणात ऑइलचं असं थारोळं साचतं की शेजारीण कुंपणावरून विचारते, "काल कुणाला कापलंत?"

आता लग्नाचं ऐक. मठाच्या चर्चकडे चढ सुरू झाला आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. आमचा गेन्चो (माझ्यासाठी नवरा म्हणून तूच त्याला पसंत केलं होतंस, हेही लक्षात ठेव) म्हणाला, "घाबरू नका, हीटर पूर्ण लावतो, इंजिनाची उष्णता आत येईल." जुलै महिना, दादा! मागच्या काचा खाली होत नाहीत, त्यांची मोटर जळलेली. इलियानाचे सकाळपासून रचलेले केस कानांवर ओघळले. मग बॉनेटमधून वाफ निघाली. गेन्चोने गाडी थांबवून हँडब्रेक ओढला, आणि गाडी आपली निवांत मागे घरंगळायला लागली. मागे वाजंत्री चालत होते. ढोलवाल्याने जिवाच्या भीतीने ढोलच चाकामागे टाकला. ढोल फुटला, गाडी थांबली.

इलियाना झगा गुंडाळून उतरली. "आई, मी पायी जाते. हिच्यात पुन्हा बसवलंस तर लग्नच रद्द." तेवढ्यात वरून कामेन, आपला नवरदेव, पांढराफटक पडून धावत आला. नवरी वेळेवर पोचली नाही म्हणजे तिने विचार बदलला, असं त्याच्या आईने त्याला वर ऐकवलं होतं.

"तू... नाही म्हणतेस का?"

"पाणी आणलंस का?"

"तुला?"

"गाडीला!"

तो रस्त्यातच मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग तीही रडली. मग दोघं हसत हसत चढ चढले, मागून बिनढोलाचे वाजंत्री, त्यामागे धापा टाकत मी. विहीणबाईंनी दारात माझ्या घामेजल्या साडेतीन हात देहाकडे असं पाहिलं, की मी ते मरेपर्यंत विसरणार नाही. तेव्हा येत्या रविवारच्या आत येऊन तुझं हे भंगार घेऊन जा.

तुझी बहीण,
स्तोयना

ता. क. : गाडी नेऊ नकोस. कारखाना बंद पडल्यापासून गेन्चो सोफ्यावरून उठतच नव्हता. तुला मुद्दाम कळवलं नाही. आता कॉफीच्या आधी गाडीखाली शिरतो. नुसते पाय दिसतात, आणि शीळ ऐकू येते. इंजिन तापू न देणारा थर्मोस्टॅट अडकलाय म्हणे. इथे मिळत नाही, तेवढा पाठव.

ता. क. २ : थर्मोस्टॅट बसून गाडी सुधारलीच तर काय करायचं, या धास्तीने मला झोप नाही. तुमचं कपडे धुण्याचं मशीन अजून बिघडलेलंच आहे ना? वहिनीला सांग, हात लावू देऊ नका कुणाला. तसंच पाठवा.