झटका मशीन चालू होतं

अहो,

परवा सकाळी शेरडांना पाला टाकला, टँकर आला म्हणून घागरी भरल्या, भाकरी थापल्या आणि रानात गेले. बघते तर काय, दिवसाढवळ्या हरणांचा कळप शाळवात! तुम्ही स्वतःच्या हातानं पेरलेला हा शेवटचा शाळू. मी धावत जाऊन कुंपणाच्या तारेत वीज सोडणारं झटका मशीन चालू केलं.

दिवसा ते बंद ठेवायचं, हे कबूल तुम्हीच केलं होतं ना? पलीकडच्या माळावर दिवसा आकाशातल्या रेडिओ-लहरी ऐकणाऱ्या अँटेना उभ्या राहिल्या तेव्हा. तारेला गवत लागून ठिणगी उडाली तरी त्यांना गोंगाट होतो. तुम्ही सरपंचांना म्हणालात, "आमची मेघाच तिथं कान लावून बसणार, मग आमी गप बसतो की!"

मी विसरले नव्हते हो. पण कळप बांधावरून हलेना, म्हणून मशीन दुपारभर तसंच राहू दिलं.

आणि नेमकी तीच दुपार! कुठल्या तरी दूरच्या आकाशगंगेतून येणारा, पापणी लवायच्या आत संपणारा रेडिओ-स्फोट. आपली मेघा असल्याच स्फोटांच्या मागावर आहे. ते बहुतेक एकदाच येतात, परत नाहीत. आज संध्याकाळी ती धापा टाकत घरी आली.

"आई, घावला गं! सगळ्या अँटेनांवर एकदम! उद्या दुपारी जगाला कळवणार. सरांनी आधी वस्तीवर विचारून यायला सांगितलंय. तुझं मशीन बंद व्हतं नव्हं?"

"व्हय, बंदच."

"तू चालू ठेवतीयस व्हय! मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं," म्हणत तिनं माझा गाल ओढला. तुम्ही गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. ते हसू मला मोडवेना.

तिची पुस्तकं मी वाचते, तुम्हाला ठाऊक आहे. लांबून आलेल्या लहरींतल्या उंच कंपनांच्या आधी पोचतात, खालच्या मागून. जवळच्या ठिणगीचं सगळं एकदमच येतं. तिच्या आलेखातली रेघ वाकलेली आहे म्हणे. म्हणजे लांबूनच आलेला, खरा असेल. पण असेल म्हणजे काय हो? उद्या कुणी म्हणालं, कुंपण तर चालू होतं, तर तोंड कुणाचं काळं होईल?

सगळं रान माझ्यावर टाकून गेलात. शाळू गेला तर जाऊ दे, एवढं तरी सांगून जायचं! तुमची आठवण राखायला गेले आणि पोरीच्याच कामात माती कालवली.

आत्ता ती आतल्या खोलीत मजकूर टाईप करतेय. तिच्यासमोर तोंड उघडत नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय.

शब्द देते, माझं खोटं तिच्या नावाखाली जाऊ देणार नाही. मग ती माझ्याशी बोलो अगर न बोलो.

तुमची,
सुमन

ता. क. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळावर अँटेनांजवळ ती काम करते त्या केबिनमध्ये गेले आणि मेघा नि तिच्या सरांसमोर उभं राहून सांगितलं, "मशीन चालू व्हतं. दुपारभर. मी खोटं बोलले."