सख्खा मामा

दवाखाना, लालबाग
१२ जून १९५८

प्रिय सुनंदा,

तुझा मेडिकल कॉलेजचा अर्ज परत आलाय आणि घोळ माझा आहे. आधी रडून घे, मग पुढे वाच. नाही, रडू नकोस, शनिवारपर्यंत मुदत आहे. खरं तर जिना चढून वर येऊन सांगायला हवं होतं, पण तुझ्या आईसमोर उभं राहवेना.

तुझ्या इंटरच्या मार्कांना कोण नावं ठेवतंय! कचेरीत अर्ज द्यायला मी स्वतः गेलो, इस्त्रीचा कोट घालून. माझ्या शिफारसपत्रात मी मोठ्या झोकात लिहिलं होतं, 'ही माझी भाची.' कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "सख्खी काय हो?" मला वाटलं, डॉक्टरची भाची म्हटल्यावर वजन पडेल. "अगदी सख्खी," मी म्हणालो. त्याने अर्ज माझ्याकडे सरकवला. नातेवाइकाची शिफारस चालत नाही, असं फॉर्मवर छापलेलंच होतं. आणि औषधाच्या बाटलीवरचं नीट वाचत नाहीत म्हणून मी रोग्यांना झापतो!

मग गिरगावात दोन ओळखीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. मुलीला आम्ही पाहिलेलंच नाही, म्हणाले. खरंच बोलले, त्यांच्यावर काय चिडायचं? तरी चिडलो.

मी तुला पाहिलंय. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांवर पोलिसांनी गोळीबार केला त्या जानेवारीत माझा कंपाउंडर धोंडू घाबरून घरी बसला होता आणि इथे बाकावर माणसं विव्हळत होती. वरच्या मजल्यावरून तुझी आई उकळतं पाणी घेऊन उतरली, मागोमाग तू. तोवर आपली ओळख जिन्यातल्या नमस्कारापुरती. एकाच्या मांडीची जखम तू दोन्ही हातांनी दाबून धरलीस, मी टाके घालेपर्यंत. सोळा वर्षांची होतीस. नंतर मोरीत जाऊन ओकलीस, ते मी पाहिलंच नाही असं दाखवलं. त्या दिवशी आईने मला जेवायला बसवलं आणि 'दादा' म्हणाली. मला बहीण नाही. पुढे तुम्ही बौद्ध दीक्षा घेतलीत, ओवाळणं सोडलंत, पण भाऊबिजेच्या दिवशी माझं ताट मांडायचं काही तुझ्या आईने, माझ्या या चंपाने, सोडलं नाही.

नवं पत्र सोबतच्या पाकिटात आहे. त्यात तुझ्या हातांबद्दल लिहिलंय. जखम कशी झाली ते गाळलं, सरकारी कागद आहे. कारकुनाला सगळं खरं सांगितलं, तर तो म्हणाला, मग तसं लिहून द्या. म्हणून शेवटची ओळ आहे, 'उमेदवाराशी माझे कोणतेही नाते नाही.' पाकीट तू उघडशीलच, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. ते वाक्य खोटं नाही, म्हणूनच फार लागलं. तीनदा कागद फाडला. तू ते पत्र कॉलेजात दे. हे मात्र आईला वाचून दाखव आणि विचार तिला, यंदाही माझं ताट मांडशील ना?

तुझाच,
रमाकांतमामा