नात्सुगुमोवरचा निळा कोपरा

४ जाने., रवि.
लाँचर गायब. आठ खणांचा, नखाएवढा, पाणबुडीवर रॉकेट सोडायचा. तीन आठवडे डोळे फोडून केला होता. सकाळी सुधीर कामोठ्याहून आला तेव्हा टेबलावर होता. दुपारी माझ्या जहाजाच्या मॉडेलवर चिकटवायला बसलो, तर नाही. मंदा म्हणते केरात गेला असेल. हिच्या मते घरातली प्रत्येक वस्तू केरातच जाते. केर उपसला. नाही.

५ जाने.
फरशीच्या फटी, चष्म्याची डबी, सगळं पाहून झालं. काल घरात तिसरं कोणी आलं नव्हतं.
सुधीर नसेल. तळोज्याच्या कारखान्यात तीस वर्षं शेजारी बसून नकाशे काढले आम्ही. निवृत्तीनंतर हा मॉडेलांचा उद्योग. एका वर्गाची जहाजं, दोघांनी एकेक. यंदा जपानची, युद्धानंतरची, पाणबुड्या शोधणारी. माझी मिनेगुमो, त्याची नात्सुगुमो. शिस्त एकच, दुसऱ्याच्या हातचा भाग लावायचा नाही. ती त्यानंच घातलेली.
पण मी चहा करायला आत गेलो तेव्हा तो टेबलाशी एकटा होता. लिहिताना लाज वाटते. तरी लिहितो.

८ जाने.
नकाशा परत द्यायच्या निमित्तानं कामोठ्याला. त्याच्या जहाजावर लाँचर बसलेला! करडा रंग, झकास. सुधीर जन्मभर पुठ्ठ्यात काम करतो, प्लास्टिकच्या वाटेला जात नाही. या लाँचरच्या एका कोपऱ्याचा रंग उडालाय, खाली निळं. माझा दह्याच्या डब्याच्या निळ्या झाकणाचा होता.
छान जमलंय म्हटलं. तो नुसता हं म्हणाला. तिथेच तोंडावर विचारायला हवं होतं. शेपूट घातली.

९ जाने.
दह्याचे डबे काय फक्त माझ्याच घरी येतात? पण मग नजर का चुकवत होता?

११ जाने., रवि.
मंडईत वसुधावहिनी भेटल्या. सुधीरचा उजवा हात दिवाळीपासून थरथरतो म्हणाल्या. औषधं चालू आहेत. "तुम्हाला सांगू नको म्हणालेत, भाऊजी."
म्हणजे झालं. राग मात्र गेला नाही. मागितला असता तर दहा करून दिले असते. मेल्याला मागायची लाज, उचलायची नाही.

१३ जाने.
रविवारी मॉडेलांचं प्रदर्शन. नवा लाँचर तोवर होणं शक्य नाही. खऱ्या जहाजांचे जुने फोटो चाळले. या जहाजांवर आधी लाँचर नव्हताच, मागे बिनमाणसाच्या छोट्या हेलिकॉप्टरसाठी मोकळा डेक होता. ती हेलिकॉप्टरं बंद पडली, मग लाँचर आला. म्हणजे मिनेगुमो जुन्या रूपात मांडता येते. कुणाला विचारायला नको, पकडायला नको. डेक घासला, रेघा मारल्या. स्वतःवर जाम खूश.

१८ जाने., रवि.
शाळेचा हॉल. दोन्ही जहाजं शेजारी. सुधीर, हात खिशात, माझ्या मोकळ्या डेककडे पाहत बराच वेळ उभा. मग हळूच,
"श्री, तुला मला काही विचारायचंय का?"
"नाही रे. कशाबद्दल?"
"वसुधानं हाताचं सांगितलं ना?"
मी मिनेगुमोची पाटी उगाच सरळ केली.
"मग विचारायचंस तरी. मी काय म्हणालो असतो तेवढं तरी ऐकायचंस."
प्रदर्शन पाचपर्यंत होतं. त्यानं तीनलाच नात्सुगुमो खोक्यात ठेवली आणि गेला.

२२ जाने.
त्याचा फोन नाही. मीही केला नाही. मंदाचं म्हणणं, चूक त्याची, त्यानं करावा.
काय म्हणाला असता? घेतला, असं? की थरथरत्या हातानं महिनाभर बसून, पहिल्यांदाच प्लास्टिक कापून, स्वतः केला, असं? मी परस्पर ठरवून टाकलं, वर मोठ्या मनानं माफही केलं.
आज दोनदा नंबर काढला. त्यानं उचलल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, तेच ठरत नाही.