वसंताने नेलेली थर्माकोलची पेटी

धारगळ, सोमवार सकाळ

डायरीबाई, लिहायला उशीर झाला, माफी असावी. काल संध्याकाळी मी वसंताला मारलं. धाकटा भाऊ, साठीचा माणूस, आणि मी त्याला एरियलच्या पाइपने मारलं.

कशासाठी? माझ्या हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी सेटच्या, कॉइलवर मी थर्माकोलची पेटी उपडी ठेवतो. पंख्याचा वारा लागला की कॉइल निवते आणि फ्रिक्वेन्सी सरकते. ती पेटी वसंताने बांगडे ठेवायला नेली. संध्याकाळी मी बोलायला बसलो, तर सेट सरकत सरकत दुसऱ्यांच्या बोलण्यात घुसला. सेटवरून कोणीतरी ओरडलं, "आजोबा, बाजूला व्हा, अंगावर येताय!" दारात वसंता हसला. "भाई, तुझ्या सेटाक थंडी भरली काय रे?"

मग पाइप. दोनदा. दुसरा फटका का मारला? तो तर खाली बसला होता. कानामागून रक्त आलं. डोक्याला टॉवेल बांधून तो स्कूटरवरून एकटाच मांद्र्याला लेकीकडे गेला.

आज पेटी धुऊन जागेवर ठेवली. पंखा बंद केला, अर्धा तास सेट तापवला. तरी सरकतो! मग गेल्या आठवड्यात मीच बसवलेल्या नव्या कंडेन्सरजवळ सोल्डरिंगची तापलेली कांडी धरली, तर सूर पळालाच. उष्णतेने न बदलणारा अभ्रकाचा जुना काढून मी साधा लावला होता. पेटीचा दोष नव्हताच.

वसंता फोन उचलत नाही. त्या कानाने ऐकू येतं ना? वसंता, शिव्या दे, पण पोचलास एवढं लवकर कळव.